ऑपरेशन थिएटरची क्रायसिस चेकलिस्ट: कागद उत्तम, पण वाचणारा नेमलात तरच

ऑपरेशन चालू असताना पेशंट अचानक बिघडला तर काय करायचं, हे एकेका पानावर सांगणारा 12 पानांचा संच अमेरिकेतल्या ॲरिॲडनी लॅब्जने तयार केला आहे. ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि हार्वर्डचं सार्वजनिक आरोग्य विद्यालय यांचं हे संयुक्त केंद्र. संच मोफत मिळतो, छापून घेता येतो आणि आपल्या थिएटरप्रमाणे त्यात बदल करायची मुभा आहे. एअर एम्बोलिझम (रक्तात हवा शिरणं), ॲनाफिलॅक्सिस (जिवावरची ॲलर्जी), मंदावलेली नाडी, दोन प्रकारचे कार्डिॲक अरेस्ट (हृदय बंद पडणं), श्वासमार्ग हाती न लागणं, आग, रक्तस्राव, बीपी पडणं, ऑक्सिजन पडणं, मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीच्या काही औषधांनी उसळणारी दुर्मिळ, जिवावरची प्रतिक्रिया) आणि बेफाम वाढलेली नाडी ही ती 12 संकटं. याच प्रकारची आणखी दोन मॅन्युअल्स चांगली आहेत: स्टॅनफर्डचं इमर्जन्सी मॅन्युअल आणि ब्रिटनच्या असोसिएशन ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सचं क्विक रेफरन्स हँडबुक. तीही फुकट. हे परीक्षण मुख्यतः पहिल्याचं आहे. बाकी दोन जिथे सरस ठरतात तिथे तसं सांगितलं आहे.

पानाची मांडणी डोकं ठेवून केलेली आहे. वर संकटाचं नाव, त्याखाली ते ओळखायचं कसं याच्या एकदोन ओळी. मग एका बाजूला क्रमाने पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला औषधांचे डोस, संभाव्य कारणं, इतर उपचार. डोस शोधायला पान उलटावं लागत नाही, ही साधी गोष्ट धावपळीत फार मोलाची ठरते. सुरुवातीलाच मदतीला हाक मारा, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-उपकरणांची गाडी) मागवा असं येतं आणि लगेच मोठ्याने विचारायचा एक प्रश्न: “क्रायसिस मॅनेजर कोण?” संचातली सगळ्यात कामाची ओळ कुठली असं कोणी विचारलं तर आमचं बोट या प्रश्नावर पडेल. थिएटरमध्ये सर्जनला वाटतं सूत्रं भूलतज्ज्ञाकडे आहेत. भूलतज्ज्ञ ट्यूब आणि सिरिंज यांत अडकलेला असतो. मदतीला धावून आलेला वरिष्ठ डॉक्टर आपण फक्त हातभार लावतोय असं धरून चालतो. तिघेही काम करत असतात आणि निर्णय कोणीच घेत नसतो. प्रश्न मोठ्याने विचारला की कोणाला तरी “मी” म्हणावं लागतं.

आता नेहमीचा आक्षेप. वीस वर्षं भूल देणाऱ्याला कागद कशाला लागतो?

तज्ज्ञ माणूस निर्णय कसा घेतो यावर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 1980 च्या दशकात आगीच्या ठिकाणी काम करणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. हे अधिकारी चार पर्याय मांडून त्यांची तुलना करत बसत नव्हते. समोरची परिस्थिती ओळखीची वाटायची, तिच्याबरोबर पहिला उपाय आपोआप सुचायचा, तो मनातल्या मनात चालवून पाहायचा आणि कामाला लागायचं. ही अंतःप्रेरणा खरी असते. पण ती कुठे तयार होते, हा पुढचा प्रश्न. डॅनियल कानेमन आणि क्लाइन या दोन वेगळ्या विचारांच्या संशोधकांनी 2009 मध्ये मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं: परिस्थितीत भरवशाच्या खुणा हव्यात, आणि त्या शिकायला पुरेसा सराव आणि आपलं बरोबर की चूक हे कळण्याची सोय हवी.

या अटी थिएटरला लावून पाहा. भूल दिल्यावर बीपी थोडं उतरणं हे भूलतज्ज्ञ रोज पाहतो. औषध दिलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. तिथे हात विचाराच्या आधी सिरिंजकडे जातो आणि तो बरोबरच जातो. तिथे कागद मध्ये आणला तर उलट अडथळा होईल. मॅलिग्नंट हायपरथर्मिया मात्र दहा हजार ते अडीच लाख भुलींमागे एक, असे अंदाज आहेत. अनेकांच्या सगळ्या कारकिर्दीत तो एकदाही दिसत नाही. त्याची अंतःप्रेरणा तयार व्हायला संधीच मिळालेली नसते. त्यात ताणाचा परिणाम मिसळतो: लक्ष एकाच गोष्टीवर चिकटतं, एका वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टी कमी होतात, वेळेचं भान सुटतं. पाच मिनिटं गेली तरी दोनच गेल्यासारखी वाटतात. माणसाला सगळं माहीत असतं, परीक्षेत विचारलं तर तो धडाधड सांगेल. ऐनवेळी त्यातलं निम्मंच वर येतं. राहिलेलं निम्मं कागदाने पुरवायचं असतं.

पुरावा काय आहे? 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या प्रयोगात तीन संस्थांमधल्या 17 टीम्सनी सिम्युलेटरवर 106 संकटं हाताळली, काही चेकलिस्ट हाताशी ठेवून तर काही फक्त आठवणीवर. आठवणीवर काम करताना जीव वाचवणाऱ्या 23 टक्के पायऱ्या सुटल्या, चेकलिस्ट असताना 6 टक्के. भाग घेतलेल्यांपैकी 97 टक्के जण म्हणाले की आपण स्वतः टेबलावर असू आणि असं काही झालं तर ही यादी वापरली जावी. फरक ठसठशीत आहे. तरी हे पुतळ्यावरचं काम होतं आणि आज काहीतरी घडणार हे टीम्सना ठाऊक होतं, हे विसरून चालणार नाही. खऱ्या थिएटरमध्ये संकट सुरू झालंय हे मान्य करायलाच पहिली काही मिनिटं जातात, आणि ती मिनिटं या आकड्यांत येत नाहीत.

पान प्रत्यक्षात कसं चालतं, कुठे अडखळतं, हे समजायला मॅलिग्नंट हायपरथर्मियाचं पान सगळ्यात उपयोगी. काही भुलीचे वायू किंवा सक्सामेथोनियम (स्नायू सैल करणारं औषध) यांच्यामुळे, जन्मतः तशी ठेवण असलेल्या पेशंटच्या स्नायूंमध्ये कॅल्शियमचा लोंढा सुटतो. स्नायू ताठरतात, कार्बन डायऑक्साइड चढत जातो, नाडी वाढते. अंगाचा ताप बऱ्याचदा मागाहून चढतो. ताप नाही म्हणून निदान बाजूला ठेवणं ही यातली नेहमीची चूक. उपाय सरळ आहे: भुलीचा वायू बंद, 100 टक्के ऑक्सिजन जोरात, व्हेंटिलेशन वाढवायचं, शक्य तितक्या लवकर ऑपरेशन आटोपायचं आणि डॅन्ट्रोलिन हा यावरचा उतारा द्यायचा. भूल मशीनच्या नळ्या (सर्किट) बदलण्याच्या खटाटोपात उपचार लांबवू नये, ही सूचना इथे फार महत्त्वाची आहे. मशीनशी झटापट करताना काहीतरी करतोय असं समाधान मिळतं आणि औषध मागे पडतं.

डॅन्ट्रोलिनचा सुरुवातीचा डोस किलोमागे 2.5 मिलिग्रॅम. 70 किलोच्या पेशंटला 175 मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीची व्हायल 20 मिलिग्रॅमची, म्हणजे 9 व्हायल. प्रत्येकीत 60 मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून द्रावण स्वच्छ दिसेपर्यंत हलवायचं. सलाइन किंवा डेक्स्ट्रोज चालत नाही. 9 व्हायलना 540 मिलिलिटर पाणी, आणि हा फक्त पहिला डोस. लक्षणं आटोक्यात येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. इथे एक माणूस पुरत नाही. एकाने पाणी ओढून भरायचं, दोघांनी हलवायचं, एकाने द्यायचं आणि मोजायचं, असे निदान चौघे हवेत. 250 मिलिग्रॅम 5 मिलिलिटर पाण्यात विरघळणारी नवी व्हायल असेल तर ही सगळी धांदल टळते, पण ती सगळीकडे नसते.

पानावर डोस किलोमागे दिलेला आहे. ताणाखाली 2.5 गुणिले वजन, भागिले 20 हा हिशोब चुकतो, हमखास चुकतो. म्हणून छापण्यापूर्वी त्या पानावर व्हायलचा तक्ता स्वतः घालून घ्या: 50 किलोला 7, 60 ला 8, 70 ला 9, 80 ला 10, 90 ला 12, 100 ला 13. औषध कुठल्या कपाटात आहे, किती व्हायल आहेत, निर्जंतुक पाण्याच्या मोठ्या बाटल्या त्याच जागी आहेत का, हेही त्याच पानावर. बहुतेक ठिकाणी औषध सापडतं आणि पाणी सापडत नाही. आणखी एक ओळ ठळक करा: डॅन्ट्रोलिनबरोबर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (नाडी-बीपी उतरवणाऱ्या औषधांचा एक गट) द्यायचं नाही. वाढलेली नाडी पाहून हात नेमका तिकडे वळायचा धोका असतो.

आता या संचाचं सगळं यश ज्यावर अवलंबून आहे त्या माणसाकडे वळू. पान कोणाच्या हातात असावं? क्रायसिस मॅनेजरच्या हातात तर मुळीच नको. त्याने कागदात मान घातली की मॉनिटर, पेशंट आणि टीम तिन्हींवरची नजर सुटते. वाचायला वेगळा माणूस हवा, रीडर. 2012 मध्ये झालेल्या एका सिम्युलेशन अभ्यासातही हेच पुढे आलं: यादी खोलीत असूनही सुटणाऱ्या पायऱ्या, वाचायला वेगळा माणूस उभा केल्यावर होऊ लागल्या.

रीडरचं काम वाचून दाखवण्याइतकं सोपं नाही. त्याने मॅनेजरच्या बाजूला, त्याला दिसेल असं उभं राहायचं. एक पायरी वाचायची आणि थांबायचं. “झालं” किंवा “नको, कारण अमुक” असं उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधीच झालेली पायरी असेल तर “झालंय ना?” एवढं विचारून पुढची घ्यायची. मॅनेजर छातीवर दाब देणाऱ्याला काही सांगत असेल तर ते वाक्य पुरं होऊ द्यायचं. अरेस्टमध्ये दर दोन मिनिटांनी लय तपासायला थांबतात, ती वाचायला सोयीची जागा. वेळ मोठ्याने सांगणं हेही त्याच्याकडेच द्यावं: “ॲड्रेनलिन देऊन चार मिनिटं झाली.” असं ठरावीक वेळाने कानावर पडलं की सुटलेलं वेळेचं भान परत येतं.

बिघडतं कसं? पहिला प्रकार: रीडर सगळं पान एका दमात वाचून टाकतो, कोणीच ऐकत नाही आणि यादी झाली असं सगळ्यांना वाटतं. दुसरा: मॅनेजर “हो हो, माहीत आहे” म्हणून हात झटकतो आणि रीडर गप्प बसतो. तिसरा जास्त घातक: रीडर म्हणून सगळ्यात नवख्याला उभं केलं जातं आणि सुटलेली पायरी दिसूनही त्याला बोलायचा धीर होत नाही. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये नाकाच्या एका साध्या ऑपरेशनसाठी भूल देताना श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर ट्यूब घालायचा प्रयत्न करत राहिले. मानेतून श्वासमार्ग उघडण्याचं साहित्य नर्सनी आणून ठेवलं होतं, ते तयार आहे असं सांगितलंही होतं, पण ते कोणाच्या मनापर्यंत पोचलं नाही. पेशंट वाचली नाही. हातात पान असलेल्या माणसाला निदान म्हणता येतं, “पानावर पुढची पायरी अशी आहे.” मग तो वरिष्ठाला शिकवत नसतो, कागद वाचत असतो. तेवढ्या आडोशाने नवखा माणूसही बोलू शकतो. मात्र हा हक्क टीमला आधी सांगितलेला असावा लागतो, आणि तो प्रमुखाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला असला तरच खरा मानला जातो.

संचाची मोठी उणीव निदानात आहे. 12 पानं इंग्रजी अकारविल्ह्यानुसार लावली आहेत. त्यांत काही पानं लक्षणांची आहेत, जसं बीपी पडणं, आणि काही निदानांची, जसं ॲनाफिलॅक्सिस. भुलीखालच्या पेशंटमध्ये ॲनाफिलॅक्सिस कित्येकदा फक्त पडलेल्या बीपीच्या रूपात येतो. अंगावरचे चट्टे निर्जंतुक चादरींखाली झाकलेले असतात, खाज सुटलीय हे पेशंट सांगू शकत नाही. टीम रक्तस्राव धरून बसली आणि ते पान उघडलं, तर छापील कागदाच्या पाठबळाने चुकीचं निदान जास्तच पक्कं होतं. एकदा पान उघडलं की ते सोडवत नाही. लक्ष एकाच कारणावर खिळणं ही तज्ज्ञांची ओळखीची चूक आहे आणि चेकलिस्ट ती आपोआप सोडवत नाही, कधी कधी घट्टही करते.

ब्रिटिश हँडबुक इथे सरस आहे. त्यात आधी काय चाललंय ते कळत नसतानाचा मूलभूत आराखडा येतो, मग ‘कारण अज्ञात’ असलेल्या लक्षणांची पानं, आणि त्यानंतर ‘कारण ज्ञात’ संकटं. डोकं संकटात ज्या क्रमाने चालतं तोच हा क्रम आहे. स्टॅनफर्डच्या मॅन्युअलमध्ये संकटांची संख्या जास्त आणि हृदय बंद पडण्याची पानं सगळ्यात पुढे. मागच्या बाजूला टीम कशी चालवायची याची तत्त्वंही आहेत. वाचायला मात्र ॲरिॲडनीचं पान सोपं: मोठी अक्षरं, थोडे शब्द. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्या टीमने ॲरिॲडनीची पानं घ्यावीत आणि त्यांचा क्रम बदलून ब्रिटिश पद्धतीने लावावा, लक्षणं आधी, निदानं नंतर, असं आमचं मत. शिवाय लक्षणाचं पान संपत आलं की रीडरने एकदा थांबून विचारावं: “आणखी काय असू शकतं?” पुढच्या दहा मिनिटांसाठी दहा सेकंद थांबा, हे क्रायसिस शिकवणाऱ्यांचं तत्त्व आहे. ते दहा सेकंद इथे खर्च करावेत.

दुसरी उणीव वेळेची. काही संकटांत वाचायला सवडच नसते. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये उड्डाणानंतर लगेच पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेलेलं विमान साडेतीन मिनिटांच्या आत हडसन नदीवर उतरवावं लागलं. कॉकपिटमधली दोन्ही इंजिनं बंद पडण्याची यादी 20,000 फुटांच्या वरची परिस्थिती धरून, तीन पानांची लिहिलेली होती. ती पूर्ण करणं शक्यच नव्हतं. कॅप्टनने यादीची वाट न पाहता सहायक वीजयंत्रणा सुरू केली. सगळे 155 जण वाचले. थिएटरमध्ये याच्या जोडीची गोष्ट म्हणजे ट्यूबही जात नाही आणि ऑक्सिजनही जात नाही ती अवस्था. तिथल्या कृती तोंडपाठ आणि हातपाठ हव्यात: अवस्था मोठ्याने जाहीर करायची, मग 10 नंबरच्या पात्याची स्काल्पेल, बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी), 6 नंबरची कफवाली ट्यूब. पान नंतर, राहिलेलं तपासायला. विमानात ‘मेमरी आयटम’ म्हणून अशा कृती वेगळ्या काढलेल्या असतात. या संचात ती सीमारेषा आखलेली नाही. तुमच्या टीमने बसून ती आखावी आणि त्या ओळींना वेगळा रंग द्यावा.

बसवणीबद्दल थोडक्यात. जाड लॅमिनेट, एका कडीत ओवलेली, बाजूला टॅब असलेली प्रत प्रत्येक थिएटरमध्ये भूल मशीनजवळ टांगलेली हवी. क्रॅश कार्टच्या खणात गेलेली प्रत हरवली असं समजा. मोबाइलवरची प्रत अभ्यासाला ठीक, संकटात नको: स्क्रीन लॉक होते आणि एकट्यालाच दिसते. रक्तपेढीचा अंतर्गत नंबर, औषधांची तुमच्याकडची तीव्रता, वरिष्ठांना बोलावायची पद्धत हे पानावर लिहिलेलं असावं. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख आणि एक जबाबदार व्यक्ती. बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू करण्याचे नियम बदलत राहतात, तेव्हा नवी पानं लावताना जुनी प्रत्येक खोलीतून गोळा करून फाडा. दोन आवृत्त्या भिंतीवर असण्यापेक्षा एकही नसलेली परवडते.

नुसतं टांगून काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 19 मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया यादीने आठ शहरांतल्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं; तीच यादी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 101 रुग्णालयांत लागू झाल्यावर लक्षणीय फरक दिसला नाही, असं 2014 मध्ये पुढे आलं. कागद तोच होता. सक्तीने लागू करणं आणि टीमने तो आपला मानणं यांत जी तफावत असते, तिचा यात मोठा वाटा असावा, असं आम्हाला वाटतं. क्रायसिस पानांसाठी महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटांची, खऱ्या थिएटरमध्ये, खऱ्या टीमबरोबर रंगीत तालीम घ्या. पाच मिनिटं प्रसंग, दहा मिनिटं चर्चा. दर वेळी रीडर बदला आणि निदान एकदा सर्जनला रीडर करा. मुदत संपलेल्या डॅन्ट्रोलिनच्या व्हायल फेकू नका. तालमीत विरघळवायला त्याच वापरा. पहिली व्हायल स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो हे हाताला कळलं की मदत लवकर मागवली जाते.

शेवटी, मूळ 12 पानांत नसलेलं एक संकट ज्या खोल्यांमध्ये नर्व्ह ब्लॉक (शरीराचा एखादाच भाग बधिर करणारी इंजेक्शनं) दिले जातात तिथे आवर्जून जोडा: लोकल ॲनेस्थेटिक रक्तात जाऊन होणारी विषबाधा. ब्लॉकनंतर तोंडाभोवती बधिरपणा, बरळणं, झटके किंवा हृदयाची लय बिघडणं दिसलं की इंजेक्शन थांबवायचं, श्वासमार्ग सांभाळायचा आणि 20 टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) किलोमागे 1.5 मिलिलिटर द्यायचं. 70 किलोला साधारण 100 मिलिलिटर, आणि त्यामागोमाग इन्फ्यूजन. ॲड्रेनलिन इथे नेहमीच्या 1 मिलिग्रॅमऐवजी किलोमागे 1 मायक्रोग्रॅमच्या आत. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही पांढरं दिसतं म्हणून लिपिडच्या जागी ते वापरायचं नाही. लिपिडची बाटली त्याच खोलीत हवी, आणि ती नेमकी कुठे ठेवली आहे ते पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं हवं.